डाव्या मनोऱ्याचं भोक

पोर्तो-नोव्हो, २० जुलै १९९७

कांदिदोदादांना,

सलाम आणि आशीर्वाद दोन्ही पाठवते आहे. तुमच्या ख्रिस्ती घरात जो चालेल तो ठेवून घ्या, दुसरा शेजारी द्या.

चुलतभावंडांत तुम्ही माझ्यापेक्षा पाचच महिन्यांनी मोठे. पण आई म्हणायची, "मोठा तो मोठा. पाच महिने काय नि पाच घटका काय, 'तुम्ही' म्हणायचं." चौसष्टाव्या वर्षीही मी म्हणते आहे. ती वरून ऐकत असेल तर तिनं माझ्या नावावर मांडून ठेवावं, कारण पुढचं ऐकून तिला माझा फारसा अभिमान वाटणार नाही.

आपली जुनी मशीद पाडायची म्हणतात. सगळी नाही, दर्शनी भिंत आणि दोन्ही मनोरे. मागे मोठं सभागृह होणार आणि पुढे नवा, गुळगुळीत, घुमटाचा दरवाजा. कमिटीचा चिटणीस नासिरू म्हणतो, "मशीद आहे की चर्च, कळत नाही. परवा दोन पाहुणे दारात टोप्या काढून उभे राहिले आणि मला विचारतात, फादर कुठं आहेत?"

आता यात पणजोबांचा काय दोष? बेर्नाबे पणजोबा गुलामीतून सुटून ब्राझीलहून परत आले तेव्हा त्यांच्या गवंडी हाताला चर्चच येत होतं. पणजीबाईंच्या मुसलमान माहेरच्यांनी मशीद बांधायला सांगितली, त्यांनी येत होतं ते बांधलं. दोन मनोरे, मध्ये गोल खिडकी, चुन्याच्या वेली. देवदूतही करायला घेतले होते. पंख झाले, तेवढ्यात इमामसाहेबांनी पाहिलं. चेहरा चालणार नाही म्हणाले. पणजोबांना पंख मोडवेनात, म्हणून पंखांच्या मध्ये अननस बसवले. शंभर वर्षं आमच्या मशिदीवर अननस उडताहेत. आणि आम्ही मुसलमान असून आडनाव दा क्रूझ, म्हणजे क्रूसाचे. आम्ही कुणाला हसावं?

पण आशा आहे. संस्कृती खात्यानं माझी पुस्तिका वाचली! 'आमची मशीद: इतिहास व रचना', १९६६, छापील बत्तीस पानं, तुम्हाला पाठवली होती ती. डाव्या मनोऱ्याच्या तळमजल्यावर, छताला जे गोल भोक आहे, ते सूर्याचं घड्याळ आहे, हे मी त्यात सिद्ध केलंय. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. तेव्हा भर दुपारी उन्हाचा झोत त्या भोकातून खाली दगडावर पडतो आणि नमाजाची वेळ सांगतो. गाइड लोक हे पाठ म्हणून दाखवतात. इमामसाहेबांनी त्यावर प्रवचन केलंय. पाच सप्टेंबरला, शुक्रवारी, त्या खात्याकडून एक साहेब तो झोत बघायला येणार आहेत. झोत दिसला तर मनोऱ्यांना कुणी हात लावणार नाही. त्याच दिवशी कमिटीची बैठक आहे.

तुमच्याकडे पणजोबांचा जो नकाशा आहे, त्यात डाव्या मनोऱ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'सीनो' लिहिलंय, लहानपणी पाहिलेलं मला पक्कं आठवतं. तो पुरावा म्हणून पाठवा. कापडवाली मोरेनिके दर आठवड्याला सरहद्द ओलांडते, तिच्या हाती द्या. पोस्टाच्या हाती देऊ नका.

तुमची,
रईमातू

—

लागोस, २ ऑगस्ट

प्रिय रईमा,

आशीर्वाद ठेवून घेतला, सलाम वरच्या मजल्यावरच्या, हज करून आलेल्या अल्हाजींना दिला. ते खूश आहेत.

नकाशा सापडला. ट्रंकेत तळाशी होता. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण मनोरे शाबूत आहेत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, पण असा हात पाहिला नाही. मोजपट्टी न लावता ओढलेली रेघ मोजून पाहिली, केसभरही चुकलेली नाही. एकच चुकलंय. इमारत रस्त्याला काटकोनात, चर्चसारखी सरळ पूर्वेला, आणि मक्का आहे थोडी उत्तरेला. म्हणूनच तुमच्या चटया तिरक्या घालतात ना? लहानपणी मला वाटायचं, चटया घालणारा म्हातारा तिरळा आहे.

तुझी पुस्तिका मी नेहमी वाचत असतो. अप्रतिम आहे. सूर्याचं घड्याळ तर काय बोलावं! फक्त माझी प्रत कुणीतरी नेली आहे. एक पाठव. म्हणजे नकाशाशी ताडून बघतो. 'सीनो' या शब्दाबद्दल तू नक्की काय लिहिलं आहेस, तेवढंच बघायचंय.

तुझा दादा,
कांदिदो

—

पोर्तो-नोव्हो, ९ ऑगस्ट

कांदिदोदादांना,

पुस्तिका सोबत आहे. वाचता वाचता झिजली असेल तुमची, मी समजू शकते.

'सीनो'बद्दलचं अकराव्या पानावर आहे. आपल्या घरातली पोर्तुगीज तर आजीबरोबरच गेली. उरल्या चार शिव्या आणि एक खीर. पण फ्रेंच शाळेत सिस्टर क्लोतिल्द आम्हाला शिकवायच्या, "मुलींनो, अनोळखी शब्दाला घाबरू नका. त्याच्या तोंडावळ्याकडे नीट बघा, तो कुठल्यातरी फ्रेंच शब्दाचा चुलतभाऊ निघतो." मी बघितलं. सीनो, सिन्य. सिन्य म्हणजे खूण. मनोऱ्याला भोक आहे आणि बांधणारा त्यावर 'खूण' लिहितो. म्हणजे कसली खूण? वेळेची! सूर्य कधी डोक्यावर येतो याचं गणित मी एका दुपारी मांडलं, अजून बरोबर आहे. तेहतीस वर्षांची होते मी, भूगोल शिकवत होते. त्या दुपारी मला इतका आनंद झाला की चुलीवरचा भात लागला आणि सासूबाईंनी तो आठ दिवस सगळ्या गल्लीला दाखवला.

तुम्ही विचाराल, झोत मी स्वतः पाहिला का. सप्टेंबरात ढग असतात आणि एप्रिलमध्ये परीक्षा.

काल नासिरू घरी येऊन गेला. माझाच विद्यार्थी. बाहेर चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, पेला धरायला दोन्ही हात पुढे केले, सगळं रीतसर. मग म्हणतो, "मॅडम, पाच तारखेला ऊन पडलं नाही तर?"

"पडेल. भूगोल आहे तो."

"हो. तुमचा भूगोल माझ्या चांगला लक्षात आहे," म्हणाला आणि सरबत न पिता गेला. वर्गात मठ्ठच होता. एकदा त्याला आवारात गुडघे टेकून उभं केल्याचं आठवतं, कशासाठी ते नाही आठवत. चार-पाचशे मुलं हाताखालून गेली, कुणाकुणाचं लक्षात ठेवायचं?

रईमातू

—

लागोस, १७ ऑगस्ट

प्रिय रईमा,

हे पत्र बसून वाच. आणि चुलीवर भात असेल तर आधी उतरव.

पहिली गोष्ट. तुझी पुस्तिका मी परवा पहिल्यांदा वाचली. एकतीस वर्षं मी खोटं बोलत होतो. तू पाठवलीस तेव्हा पहिल्या पानावर 'माझ्या एकुलत्या वाचकास' असं लिहिलं होतंस. ते वाचून इतकं दडपण आलं की पुढचं पान उलटलंच नाही. मग दरवर्षी कबूल करायला उशीर होत गेला.

दुसरी गोष्ट. नकाशात मनोऱ्याचा उभा छेद आहे. वर छप्पर आहे, रईमा. जाड लाकडी तुळया, त्यावर चुना, त्यावर कौलं. ऊन कुठून येणार?

तिसरी गोष्ट. सीनो म्हणजे घंटा. माझ्या चर्चमधला कुठलाही म्हातारा सांगेल. आजी तुला ओरडायची, "सीनोसारखी वाजू नकोस!" तुला काय वाटायचं, ती तुला 'खुणेसारखी वाजू नकोस' म्हणायची? ते भोक दोरीचं आहे. पणजोबांनी सवयीनं घंटेचा मनोरा काढला. तुळईला ती टांगायचा आकडाही दाखवलाय. घंटा कधी टांगली नाही, हे उघडच आहे. पण भोक राहिलं.

रागावू नकोस. रचना सुंदरच आहे.

कांदिदो

—

पोर्तो-नोव्हो, २० ऑगस्ट

कांदिदो,

तू एकतीस वर्षं वाचलं नाहीस! एक पान उलटलं असतंस तर! अकरावं पान! तू नकाशे काढणारा, ट्रंकेत नकाशा, आणि मी इथे शाळा-शाळांतून, बायकांच्या मेळाव्यातून, एकदा रेडिओवरसुद्धा, सूर्याचं घड्याळ, सूर्याचं घड्याळ!

तो नकाशा जाळ. आजच. मशिदीत घंटा! नासिरूला कळलं तर पाच तारखेपर्यंत थांबायचा नाही, उद्याच कुदळ घालेल. पाच तारखेला ढग आले म्हणजे सुटलो. ढग असतातच. ढग आले की साहेबांना सांगेन, एप्रिलमध्ये या. एप्रिलपर्यंत मी मरेन.

रईमा

—

लागोस, २६ ऑगस्ट

प्रिय रईमा,

चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा तू मला 'तू' म्हणालीस. मुलांना बोलावून दाखवलं. हसून हसून माझा चष्मा पडला.

नकाशा जाळणार नाही. तुझ्याकडेच पाठवतोय. जाळायचा तर तूच जाळ. पण आधी एक सांग. ढग नसले तर? त्या माणसाच्या शेजारी उभी राहून तू वर बघत बसशील, आणि वरून काहीच येणार नाही. तेव्हा मनोरे पडतील ते तुझ्या खोटेपणामुळे पडतील, पणजोबांच्या घंटेमुळे नाही.

मी वाचलं नाही, ती माझी चूक. तू वर गेली नाहीस, ती तुझी. आपल्या घराण्यात कष्ट फक्त पणजोबांनीच केलेले दिसतात.

तुझा दादा (निदान कागदावर),
कांदिदो

—

पोर्तो-नोव्हो, ७ सप्टेंबर

कांदिदोदादांना,

'तू' म्हणाल्याबद्दल माफ करा. आता सगळं सांगते, तुम्ही बसून वाचा.

शुक्रवारी आभाळ असं स्वच्छ होतं की जणू धुऊन वाळत घातलंय. सप्टेंबरात! माझ्यासाठी मुद्दाम. नमाजाआधी साहेब आले. तरुण, सभ्य, गळ्यात कॅमेरा. सगळी गल्ली डाव्या मनोऱ्याखाली जमली. बायकांनी पोरांना खांद्यावर घेतलं. साहेब घड्याळाकडे बघतायत, इमामसाहेब भोकाकडे बघतायत, नासिरू माझ्याकडे बघतोय.

सूर्य डोक्यावर यायला बारा मिनिटं होती. मला वाटलं, अजून बारा मिनिटं मी विद्वान आहे.

मग म्हटलं, "थांबा. वर बघू नका. काही येणार नाही."

नकाशा पिशवीतून काढला. सीनो म्हणजे काय ते सांगितलं. खूण, सिस्टर क्लोतिल्द, चुलतभाऊ, सगळं. भात लागल्याचंसुद्धा सांगितलं, कारण बोलायला लागले की मला थांबता येत नाही. म्हटलं, "वर छप्पर आहे. मी कधी वर गेलेच नाही. ही घंटेची जागा आहे. घंटा कधी टांगली नाही. चूक माझी आहे, बांधणाऱ्याची नाही."

मग मागून नासिरूचा आवाज आला, अगदी हळू.

"मॅडम, मी बारा वर्षांचा असताना तुम्हाला हेच सांगितलं होतं."

"काय?"

"मी जिन्यावरून वर गेलो होतो. वर्गात उभा राहून म्हणालो, वर छप्पर आहे, ऊन कसं येईल? तुम्ही म्हणालात, पुस्तकात छापलंय ते खोटं का? वीसपैकी शून्य दिलंत आणि आवारात गुडघ्यावर उभं केलंत. दुपारभर. गुडघ्याला खडे रुतले. माझ्या बापानं घरी आल्यावर आणखी मारलं, मॅडमना उलट बोलतो म्हणून."

दादा, मला आठवलं. खडेसुद्धा आठवले, कारण ते मीच मागवून टाकून घेतले होते, आवारात चिखल होऊ नये म्हणून.

म्हटलं, माफी मागायची तर रीतीनं मागायची. मी गुडघे टेकायला लागले. चौसष्ट वर्षांची बाई, शिकवणारी, आपल्या विद्यार्थ्यापुढे! आख्खी गल्ली ओरडली, "नको नको! मॅडम नको!" आणि मी पुरती खाली पोचायच्या आत नासिरू दाणकन जमिनीवर आडवा पडला, पालथा, छाती टेकून, शुक्रवारचा इस्त्रीचा पांढरा झगा घालून. मोठ्या माणसानं आपल्यापुढे गुडघा टेकला तर सात पिढ्यांचं वाटोळं होतं ना. त्याला माझ्या आधी खाली पोचायचं होतं.

मग आम्ही दोघं तिथेच. मी अर्ध्यावर अडकलेली, तो धुळीत. "मॅडम, उठा ना!" तो खालूनच ओरडतो. "तू ऊठ आधी!" "तुम्ही उठल्याशिवाय कसा उठू?" "अरे, मला उठताच येत नाहीये!" दोन बायकांनी काखेत हात घालून मला वर ओढलं तेव्हा साहेबांनी कॅमेरा खाली केला. भला माणूस.

इमामसाहेब हसत होते. नंतर त्यांनी नकाशा मागून घेतला, बराच वेळ बघितला. "ही घंटा कधी वाजली का?"

"नाही."

"ज्या घंटेचा आवाज शंभर वर्षांत कुणी ऐकला नाही, तिला आम्ही भ्यायचं?"

साहेब म्हणाले, "पण मग मी इथं काय नोंदवू? ऊन तर नाही."

"ऊन नाही तर नाही," इमामसाहेब म्हणाले. "बाहेर या, तुम्हाला उडणारे अननस दाखवतो. आणखी कुठं आहेत ते सांगा."

बैठक संध्याकाळपर्यंत चालली. दाढ्यांपेक्षा आवाज मोठे होते. शेवटी मत नासिरूवर येऊन थांबलं, चार इकडे, चार तिकडे. त्याच्या झग्यावर पुढून लाल माती होती, झटकली नव्हती त्यानं. म्हणाला, "मला मनोरे पाडायचे नव्हते. कुणीतरी एकदा वर जाऊन बघावं, एवढंच होतं. पण तसं कुणी विचारलं नाही." आणि हात मनोऱ्यांच्या बाजूनं वर केला.

सभागृह मागच्या मोकळ्या जागेत होणार. दर्शनी भिंत राहील. एक अट आहे. पुस्तिका मी पुन्हा लिहायची आणि छापण्याआधी ती तपासणार नासिरू.

तुमची,
रईमातू

—

लागोस, १९ सप्टेंबर

प्रिय रईमा,

यावेळी सगळं वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्यानं, वरचे अल्हाजीही खाली आले होते. ते विचारतात, तुझे गुडघे कसे आहेत?

नवी पुस्तिका छापलीस की मला पहिली प्रत पाठव. पहिल्या पानावर काही लिहू नकोस, म्हणजे मी पुढे जाऊ शकेन.

कांदिदो

—

पोर्तो-नोव्हो, १२ ऑक्टोबर

कांदिदोदादांना,

अल्हाजींना सांगा, गुडघे गेले, पण त्या गुडघ्यांवर माझा विश्वास पूर्वीही नव्हता.

नासिरूनं हस्तलिखित परत दिलं. लाल पेन्सिल! कुठून आणली कुणास ठाऊक, मी वापरायचे तसलीच जाड. समासात जागोजागी शेरे. 'पंख आधी झाले की अननस आधी, पुरावा द्या.' 'तिरक्या चटया, छान, पण कोन मोजला का?' 'भाताचा उल्लेख अनावश्यक.' आणि शेवटी, वर्तुळात: वीसपैकी नऊ. खाली लिहिलंय, 'मनोऱ्याच्या आतल्या वर्णनावरून लेखिका वर गेलेली नाही हे कळते. पुन्हा लिहा.'

नापास झाले, दादा. आयुष्यात पहिल्यांदा. चोवीस तास मी त्याला मनातल्या मनात ठेवणीतल्या चारही पोर्तुगीज शिव्या दिल्या. मग पदर खोचला.

काल सकाळी वर गेले. एकेचाळीस पायऱ्या आहेत. पुस्तिकेत मी सदतीस छापल्या होत्या, त्या कुठून आणल्या देव जाणे. जिना गोल, अरुंद, शिंपल्यांच्या चुन्याचा, हात लावला की पांढरा होतो. नासिरू मागून येणार होता, पण मी म्हटलं, मी पडले तर दोघं मरू, तू खालीच थांब. प्रत्येक वळणावर टेकले. विसाव्या पायरीला मला पणजोबांचा राग आला, तिसाव्याला सिस्टर क्लोतिल्दचा. चाळिसाव्याला कुणाचाच आला नाही, कारण श्वासच उरला नव्हता.

वरती अंधार, वटवाघळांचा वास, आणि चार बाजूंना चार लहान खिडक्या. एकीतून खाडी दिसते, होड्या दिसतात, आपलं जुनं घर दिसतं आणि त्याच्या छपरावर कुणाचीतरी वाळत घातलेली मिरची. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी बत्तीस पानं लिहिली होती.

जमिनीवर बसकण मारली आणि भोकातून खाली वाकून बघितलं. खाली, बरोबर मध्ये, नासिरूचं टक्कल. त्यानं मान वर केली. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पण वरून पाहिला तर तोंड तसंच, बाकावर उभा राहून उत्तर देताना असायचं तसं.

"मॅडम!" त्यानं हाक मारली. भोकातून आवाज केवढा घुमतो! "पोचलात का? काय दिसतंय?"

ओठांवर उत्तर तयार होतं. ते गिळलं. भिंतीला धरून सावकाश उभी राहिले, तुळया मोजल्या, आकडा चाचपला, चारही खिडक्यांतून आळीपाळीनं बाहेर पाहिलं. तो खाली तसाच मान वर करून थांबला होता. मग पुन्हा खाली बसले आणि त्याला सांगायला लागले.

तुमची,
रईमातू